चौकटीत लिंक, आणि लिंकमागचा माणूस

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मोबाइलमधल्या लिंका कशा लावाव्यात यावर का बोलावं, असं काहींना वाटलं असेल. पण एखादी गोष्ट आपल्याला कुठून कळली आणि तिच्यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. आज तो विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये येऊन बसलाय.

आता नेहमी काय होतं बघा. शिक्षक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा लिंका पाठवतात. संध्याकाळपर्यंत त्या सूचना आणि शुभेच्छांच्या ढिगाखाली जातात. परीक्षा जवळ आली की मुलगा शोधतो, सापडत नाही. मग गूगलवर विषय टाकतो आणि वर आलेलं पहिलं पान उघडतो. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, विचारायला कुणी आहे, त्याचं निभतं. पण ज्याच्या घरात शिकणारा तो पहिलाच, त्याच्यासाठी ते पहिलं पान हाच शेवटचा शब्द ठरतो. म्हणून लिंका नीट लावून देणं हा टापटिपीचा प्रश्न नाही. तो शिकण्याच्या समान संधीचा प्रश्न आहे.

यासाठी आज चित्रमय बुकमार्कची साधनं आहेत. सिंबलू या डच साधनात पडदाभर चौकटी असतात. प्रत्येक चौकटीला रंग, चित्र आणि नाव देता येतं. पॅडलेटवर भिंतीवर कागद चिकटवावेत तशा लिंका रकान्यांत लावता येतात. रेनड्रॉपमध्ये लिंकांचे संग्रह करून त्यांना खुणेचे शब्द जोडता येतात. यांचा फायदा समजायला स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. मोहरी कुठल्या वाटीत आहे हे आठवावं लागत नाही, हात आपोआप तिथे जातो. आठवण्यापेक्षा ओळखणं सोपं असतं. मात्र डब्यात वाट्या सातच असतात, म्हणून हे जमतं. चाळीस वाट्यांचा डबा केला तर पुन्हा शोधाशोध. एका विषयाला आठ-नऊ चौकटी पुरे.

पण चौकट लावली की काम संपलं का? इथे आपल्या पुण्यातलंच एक उदाहरण घेऊ. येरवड्याला डेक्कन कॉलेजमध्ये 1948 साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले गेले आणि जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला खंड 1976 मध्ये निघाला. ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्यांतले बरेच जण आज नाहीत, तरी चिठ्ठी कामाला येते. का? कारण तिच्यावर नुसता शब्द नाही. तो कुठल्या ग्रंथात, कुठल्या ठिकाणी, कुठल्या संदर्भात आला, हेही लिहिलेलं आहे. नुसता शब्द लिहून ठेवला असता तर ती कपाटं म्हणजे रद्दी झाली असती.

आपली चौकट नेमकी इथे कमी पडते. ती बोधचिन्ह दाखवते, बोलणारा दाखवत नाही. नैयायिकांनी शब्द हे प्रमाण मानलं, पण कुणाचाही शब्द नव्हे. आप्ताचा शब्द. म्हणजे ज्याला विषय खरोखर माहीत आहे आणि जो तो जसा आहे तसा सांगतो, त्याचा. म्हणून प्रत्येक चौकटीखाली एक-दोन ओळींत तीन गोष्टी लिहा: हे कोण सांगतंय, त्याला ते कशावरून माहीत, आणि मी हे कशासाठी ठेवलं.

समजा, विषय आहे महात्मा फुले यांचे शिक्षणविषयक विचार. पहिली चौकट मराठी विश्वकोशाची. तिथे नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, आणि विषयाची रूपरेषा मिळते. दुसरी चौकट फुल्यांच्या समग्र वाङ्मयाची, म्हणजे मूळ लेखनाची. तिथे टीप लिहा: हंटर आयोगापुढचं 1882 चं निवेदन मूळ इंग्रजीत आहे, मराठीत वाचाल तो अनुवाद. ही एक ओळ नसेल तर विद्यार्थी अनुवादकाच्या शब्दांवरून फुल्यांच्या शैलीवर निबंध लिहून मोकळा होईल! तिसरी चौकट शब्दकोशाची. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. एकोणिसाव्या शतकातला शब्द त्या काळच्या अर्थाने समजायला ती लागते. मग अभ्यासकांचे लेख, आणि शेवटी व्हिडिओ.

रंगही शोभेसाठी नकोत. मूळ लेखनाला एक रंग, संदर्भग्रंथाला दुसरा, मताला तिसरा. मुलाला बघताक्षणी कळलं पाहिजे की हे फुल्यांचं म्हणणं आहे आणि ते फुल्यांविषयीचं कुणाचं तरी मत आहे. पण फक्त रंगावर विसंबू नका. काहींना रंगांतला फरक दिसत नाही, काही मुलं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात. म्हणून 'मूळ', 'संदर्भ', 'मत' हा शब्द चौकटीच्या नावातच आधी घाला. मोबाइलवर लांब नाव कापलं जातं, तेव्हाही तो दिसेल.

आणखी एक. ही साधनं आपल्या मालकीची नाहीत. डिलिशस 2003 साली आलं, गाजलं, हातोहात विकलं गेलं आणि थांबलं. गूगलने आपली बुकमार्कची सेवा 2021 मध्ये बंद केली, मोझिलाने पॉकेट 2025 मध्ये. तेव्हा सत्राच्या शेवटी लिंका आणि टिपांची एक साधी फाइल स्वतःजवळ उतरवून घ्या. लिंकाही मरतात, विशेषतः सरकारी संकेतस्थळं नव्याने बांधली की. महत्त्वाच्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून ठेवता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

शिक्षकांना शेवटची विनंती. आठ चौकटी तुम्ही भरा, नववी रिकामी सोडा. ती विद्यार्थ्याने भरायची, आणि खाली त्या तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. लिंक कोणती आणली यापेक्षा त्या दोन ओळी तपासा. त्या लिहिता आल्या, तर तुमचा फलक उद्या बंद पडला तरी त्या मुलाचं काही अडणार नाही.