शाळेला सुट्टी असते, हप्त्याला नसते: मुलं सांभाळण्याचे पैसे कसे ठरवायचे?



मागच्या मे महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. वही तपासताना दिसलं की एका ताईंचा कर्जाचा हप्ता राहिलाय. वर्षभरात एकदाही न चुकलेल्या या ताई. विचारलं तर हळू आवाजात म्हणाल्या, "शाळेला सुट्टी लागली ना. मॅडमचं लेकरू आता जूनलाच येणार. तोवर पैसे कुठनं आणू?"

या ताई शेजारच्या शाळेतल्या शिक्षिकेचं दोन वर्षांचं बाळ सांभाळतात. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. त्याला भरवणं, झोपवणं, शी-शू, सगळं. शाळा असेल तेव्हाच बाळ येतं. दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि अर्धा जून काम नाही, म्हणून पैसेही नाहीत. पण गटाचा १९०० रुपयांचा हप्ता दर महिन्याला आहेच.

आपल्या संघातल्या बऱ्याच जणी हे काम करतात. कुणी शिक्षिकेचं मूल सांभाळतं, कुणी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईचं. पैशाचं बोलायची मात्र लाज वाटते. "घरच्यासारखंच लेकरू, त्याचे काय मोजून मागायचे?" मूल घरच्यासारखं असलं तरी काम हे कामच आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात काय लिहिलं होतं बघा: कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरीच्या दरानेच पैसे द्यायचे. म्हणजे खड्डा खणणं जसं काम, तसंच मूल सांभाळणंही काम.

आधी दिवस मोजा

शाळा वर्षात किती दिवस चालते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला किमान २२० दिवस. नक्की आकडा त्या शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीवरून काढायचा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात, तेही धरायचं.

आपण उदाहरणासाठी २२० दिवस आणि एका मुलाचा दिवसाचा दर १२० रुपये धरू. दर तुमच्या गावात कमी-जास्त असेल, हिशेबाची रीत तीच. २२० गुणिले १२० म्हणजे वर्षाचे २६,४०० रुपये. आता हे पैसे घ्यायच्या तीन पद्धती पाहू.

पहिली पद्धत: आले तेवढे दिवस

महिन्याचे दिवस मोजायचे आणि तेवढेच पैसे घ्यायचे. २२ दिवस मूल आलं तर २६४० रुपये. जूनमध्ये १२ दिवस आलं तर १४४०. मे महिन्यात शून्य. हिशेब सोपा आहे, पण सुट्टीचा सगळा भार तुमच्यावर येतो. ही पद्धत घ्यायची असेल तर चांगल्या महिन्यात दोन-तीनशे रुपये बाजूला टाकायलाच हवेत.

दुसरी पद्धत: सुट्टीत निम्मे

शाळेच्या दिवसांना पूर्ण दर आणि सुट्टीच्या दिवसांना निम्मा. दिवाळी आणि उन्हाळा मिळून, रविवार सोडून, ५० दिवस धरले तर ५० गुणिले ६० म्हणजे ३००० रुपये. वर्षाचे होतात २९,४००.

मूल येत नाही तर निम्मे कशाचे? जागा राखल्याचे. जूनमध्ये हेच मूल परत येणार म्हणून तुम्ही त्याच्या जागी दुसरं मूल घेत नाही, बाहेरचं पक्कं कामही धरत नाही. त्या थांबण्याचे हे पैसे. पण मग शब्द पाळायचा. सुट्टीत त्या जागेवर दुसरं मूल घेतलं, तर निम्मे पैसे मागायचे नाहीत.

तिसरी पद्धत: वर्षाचे बारा हप्ते

वर्षाचे २६,४०० रुपये बाराने भागायचे. दर महिन्याला २२०० रुपये, जून असो, दिवाळी असो की मे. मूल देणाऱ्या आईला वर्षाला एक रुपयाही जास्त पडत नाही आणि तुमचा गटाचा हप्ता चुकत नाही.

इथे पालक हमखास विचारतात, "मे महिन्यात बाळ नाही, मग पैसे कसले?" त्यांना वही दाखवा. एप्रिल संपेपर्यंत तुम्ही सगळे २२० दिवस काम केलेलं असतं, म्हणजे २६,४०० रुपयांचं. हातात आलेले असतात ११ हप्ते, म्हणजे २४,२००. मे महिन्याचे २२०० हे तुम्ही आधीच केलेल्या कामाचे राहिलेले पैसे आहेत. ते कुणाचे उपकार नाहीत.

या पद्धतीत दोन ठिकाणी चूक होते.

एक, मूल मध्येच बंद झालं तर. समजा ऑक्टोबरअखेर शिक्षिकेची बदली झाली. तोवर १०३ दिवस भरले, म्हणजे १२,३६० रुपयांचं काम झालं. पाच हप्त्यांचे मिळाले ११,०००. उरलेले १३६० रुपये तुमचे येणे आहे. हे आधी लिहिलेलं नसेल तर बुडालेच समजा. हिशेब उलटा निघाला, म्हणजे जास्त पैसे आले असतील, तर तुम्हीही परत करायचे.

दोन, मूल मध्येच सुरू झालं तर. जानेवारीत आलेल्या मुलाला २२०० लावायचे नाहीत. उरलेले दिवस मोजायचे. ९० दिवस असतील तर १०,८०० रुपये, जानेवारी ते मे अशा पाच महिन्यांत भागले की २१६०.

कुणाशी कोणती पद्धत?

समोरच्या आईचे पैसे कसे येतात ते बघा. कायम नोकरीतल्या शिक्षिकेचा पगार मे महिन्यातही होतो. तिला बारा हप्ते जड जात नाहीत. पण शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना मानधन वर्षातले दहाच महिने मिळतं. मे महिन्यात तीही तुमच्यासारखीच रिकाम्या हाताने बसते. तिच्याशी पहिली पद्धत ठरवा, किंवा वर्षाचे पैसे दहा महिन्यांत वाटून घ्या आणि तुमच्या मे-जूनसाठी गटात जादा बचत टाका. आपणच एकमेकींना अडचणीत आणायचं नाही.

हेही आधीच बोला

मूल आजारी पडलं तर पैसे कापायचे का? तुम्ही आजारी पडलात किंवा गावची जत्रा असली तर? निकालाच्या किंवा प्रशिक्षणाच्या कामासाठी मॅडमना सुट्टीत शाळेत जावं लागलं, तर त्या दिवसाचे १२० वेगळे. न्यायला उशीर झाला तर काय? दूध आणि खाऊ कुणाचा? दर पुन्हा कधी ठरवायचा? आज दोन मिनिटांचं बोलणं आहे, नंतर त्यावरूनच मनं दुखावतात.

मग साध्या कागदावर लिहा. दोन प्रती, दोघींच्या सह्या किंवा अंगठे, गटातल्या एकीची साक्ष. मजकूर असा असू शकतो:

"मी …… यांचे मूल शाळेच्या दिवशी सकाळी … ते संध्याकाळी … सांभाळेन. वर्षाचे दिवस ……, दिवसाचा दर …… रुपये, एकूण …… रुपये. हे पैसे …… हप्त्यांत, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मिळतील. शाळेच्या सुट्टीत पैसे: ……. मूल मध्येच बंद करायचे असल्यास दोघींपैकी कुणीही एक महिना आधी सांगेल. त्या दिवसापर्यंतचे भरलेले दिवस मोजून देणे-घेणे मिटवू."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा आणि महिनाअखेर ती आईला दाखवा. पैसे फोनपेवर किंवा खात्यात घेतले तर नोंद आपोआप राहते. रोख घेतले तर वहीत सही घ्या. नियमित लेखे हे आपल्या पंचसूत्रीतलंच एक सूत्र आहे. ते गटाच्या वहीत जसं पाळतो, तसंच घरच्या कामातही पाळायचं.

त्या ताईंनी जूनमध्ये शिक्षिकेशी बोलून बारा हप्ते ठरवले. मी सोबत जायला तयार होते, पण त्या एकट्याच गेल्या. शिक्षिका म्हणाल्या, "अहो, आधीच का नाही बोललात? माझा पगार थोडीच थांबतो मे महिन्यात."

शाळा उघडायला अजून वेळ आहे. पुढच्या मासिक बैठकीला येताना मुलं सांभाळणाऱ्या ताईंनी शाळेच्या सुट्ट्यांची यादी आणि एक कोरा कागद घेऊन यावं. हिशेब तिथेच बसून करू.

तुमची क्षेत्र समन्वयक