हळदीची शेवटची मशागत

फेब्रुवारी-मार्चात हिंगोली जिल्ह्यातल्या शिवारांत हळद शिजवायचे कुकर पेटतात. वाफवलेले कंद खळ्यावर वाळतात, पॉलिशच्या ढोलात घासून निघतात आणि पिवळीधमक हळकुंडं वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात बिटाला लागतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आठ-नऊ महिने जमिनीत राबून मिळवलेला हा लौकिक पूड करताना मात्र काही मिनिटांत उणावू शकतो.

गावोगावच्या कांडपात हे काम पल्व्हरायझर करतो. त्याच्या पेटीत वेगाने फिरणारे हातोडे हळकुंड फोडतात, पूड जाळीतून खाली उतरते आणि हवा कापडी पिशवीतून बाहेर पडते. हळदीचा रंग कुरकुमिनचा, वास तिच्यातल्या तेलांचा. ही तेलं उष्णतेने उडून जातात. म्हणून काही मोठ्या कारखान्यांत उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने मसाला गार ठेवून दळतात. गावच्या कांडपाला ते परवडत नाही, पण यंत्र स्वच्छ ठेवणं त्याच्या हातात आहे. जाळी बुजली किंवा पिशवी तुंबली की पूड पेटीतच घोटाळते, पुन्हा पुन्हा मार खाते आणि तापते. कोंदलेल्या खोलीत उडणारी हळदीची पूड ठिणगीने पेटही घेऊ शकते.

साफसफाईची सुरुवात मेन स्विच बंद करण्यापासून होते. हातोडे पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आतली पूड कोरड्या ब्रशने झाडायची, जाळी काढून दोन्ही बाजूंनी घासायची, पिशवी उलटी करून झटकायची. पाणी घालायचं नाही. ओल्या हळदीचा चिकट लगदा कोपऱ्यांत बसतो, बुरशी धरतो आणि लोखंडाला गंज चढवतो. पिशवी धुतलीच तर कडक उन्हात पूर्ण वाळवूनच परत बांधायची. मिरचीनंतर हळद दळायची असेल, तर झाडून झाल्यावर मूठभर तांदळाची कणी दळून ते पीठ टाकून द्यावं. हळद आधी आणि मिरची शेवटी हा क्रम ठेवला, तर ही वेळच येत नाही.

हातोड्याची एक धार बोथट झाली की तो उलटा बसवता येतो. बदलताना समोरासमोरची जोडीच बदलावी, नाहीतर तोल जाऊन यंत्र थरथरतं आणि बेअरिंग खातं. जाळीची भोकं झिजून मोठी झाली की पूड जाडसर येते. हळकुंडांबरोबर आलेला खिळा किंवा तारेचा तुकडा अडवायला तोंडाशी चुंबक हवा, आणि तोही रोज पुसायला हवा.

महिला बचत गटांच्या आणि छोट्या कांडपांच्या हिशेबात वीज येते, मजुरी येते, साफसफाईचा अर्धा तास मात्र सुटतो. तो दळणाच्या दरात धरला पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने कुरकुर न करता दिला पाहिजे. शेतात खुरपणीची मजुरी कुणी वाया गेली म्हणत नाही. हीसुद्धा त्याच पिकाची मशागत आहे.