झुकते माप

'झुकते माप' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रात आला की बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. अमक्या भागाला निधी देताना झुकते माप दिले, तमक्यावर अन्याय झाला. बाजारात मात्र हीच गोष्ट सचोटीची खूण मानली जाते. एकाच शब्दाला असे दोन उलटे अर्थ का चिकटले असावेत, याचा विचार करताना मला वाटू लागले की, रोजच्या किरकोळ व्यवहारात प्रामाणिकपणा म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही त्याच गाठीशी येऊन थांबतो.

माझी आई आठवडे बाजारात भाजी विकते, त्यामुळे तागडीची थोडी माहिती मला आहे. तागडीची दोन्ही पारडी तंतोतंत समान अशी जवळजवळ कधीच थांबत नाहीत. हात हलतो, वारा लागतो. शेवटचे वांगे टाकले की मालाचे पारडे खाली जाते, काढले की वजनाचे. वांगे अर्धे कापून तर घालता येत नाही! म्हणजे थोडी चूक होणारच. ती कोणाच्या अंगावर पडू द्यायची एवढेच ठरवायचे असते. रूढी सांगते की मालाचे पारडे खाली जाऊ द्यावे. याला कोणी औदार्य म्हणतात. मला ते पटत नाही. तागडी ज्याच्या हातात असते त्याला ती हवी तशी झुकवता येते आणि समोरच्याला ते कळतही नाही. म्हणून शंकेचा भार तागडीवाल्याने सोसायचा, असा हा साधा न्याय आहे. तोलण्यापूर्वी रिकामी तागडी उचलून दाखवतात तीही याचसाठी. एक पारडे हलके असेल तर त्याला बांधायचा तो पासंग. 'पासंगालाही पुरणार नाही' असे आपण सहज म्हणतो, पण गरिबाच्या पावशेरात पासंगही पुष्कळ होतो.

पायलीने धान्य मोजण्याच्या पद्धतीत ही गंमत आणखी उघड होती. माप शिगेचे द्यायचे की वरून हात फिरवून सपाट करायचे, यावर सारे अवलंबून असे. उसने देताना सपाट आणि परत घेताना शीग लावणाऱ्याला पायली बदलण्याची गरजच नव्हती. माप खरे, आणि तरी मापात पाप!

राज्यकर्त्यांनाही ही भीती फार पूर्वीपासून वाटत आली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल येथील दगडाची करावीत, पाण्याने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत अशी असावीत, असे सांगितले आहे. आजचा वैध मापनशास्त्र कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. पाकीटबंद मालाच्या नियमांत एक गोष्ट मला विशेष वाटली. एक किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तूट चालते. मात्र तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी भरता कामा नये. म्हणजे कायदाही चूक माफ करतो, पण ती दर वेळी एकाच बाजूला होऊ लागली तर माफ करीत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही. पण कांट म्हणतो, त्यात त्याचा स्वार्थ असू शकतो, म्हणून एवढ्यावरून त्याला नैतिक श्रेय देता येत नाही. वर्गात हे ऐकताना पटते. बाजारात बसल्यावर वाटते की गिऱ्हाईक पुन्हा यावे ही इच्छा आणि त्याला फसवू नये ही इच्छा या भाजीवाल्याच्या मनात दोन निराळ्या टोपल्यांत ठेवलेल्या नसतात.

आतापर्यंत विक्रेत्याविषयी झाले. पण कधी कधी तागडी गिऱ्हाइकाच्याही हातात येते, हे आपण सोयीने विसरतो. गर्दीत कंडक्टरने शंभराच्या नोटेला दोनशेची समजून मोड दिली, तर ते फक्त आपल्याला ठाऊक असते. चुकून मिळालेले पैसे परत केले पाहिजेत, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते. पण शंभर रुपयांसाठी कोण कोर्टात जाणार? हिशेबात पैसे कमी भरले तर कंडक्टरला ते पदरचे घालावे लागतात. 'एस.टी.चे काय जाते' असे म्हणणाऱ्याने हे एकदा लक्षात घ्यावे.

अर्ध्या तिकिटाचा प्रकार याहून बारीक. एस.टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मे भाडे पडते. मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे झाल्यामुळे मुलींची वये आता बहुधा खरी सांगितली जातात. मुलगे मात्र दोन-दोन वर्षे अकराव्या वर्षातच अडकून असतात! इथे कोणा एका माणसाच्या खिशातून काही जात नाही, हे खरे. पण कंडक्टरजवळ वय तोलण्याचा काटा नाही. तो विचारतो आणि आपल्या शब्दावर तिकीट फाडतो. शिवाय ते वय आधी मुलाकडून घोकून घ्यावे लागते, आणि आपण सातवीत आहोत हे त्या मुलाला चांगले ठाऊक असते.