ऑक्सिमीटर 98, तरी धाप का?

सोयाबीनची रास चालू असताना औसा किंवा निलंग्याच्या शिवारात मळणी यंत्राजवळ उभे राहून बघा. भुसकट आणि माती हवेत धुरळतात. उपरणे नाकाला बांधले तरी एखाद्याची छाती सूं-सूं वाजू लागते. धुळीने श्वासनळ्या आवळल्या, हे तिथे सरळ कळते.

कापसाच्या धुळीची तऱ्हा आणखी अजब. एकेकाळी उस्मानशाही कापड मिलच्या भोंग्यावर नांदेडचा दिवस चाले. अशा जगभरच्या कापड गिरण्यांत डॉक्टरांना एक गोष्ट आढळली: कामगारांची छाती सर्वांत जास्त भरून येई ती सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी! या आजाराला बिसिनोसिस म्हणतात.

पण खरे नवल पुढेच आहे. हंडा घेऊन चढ चढताना एखाद्या बाईला धाप लागते. छाती स्वच्छ, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 98 दाखवतो. मग धाप कशाची? प्राणवायू वाहून नेते रक्तातले हिमोग्लोबिन. आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेले आहे, एवढेच ऑक्सिमीटर सांगतो. मुळात ते आहे किती, हे तो सांगत नाही. हिमोग्लोबिन 14 असो की 7, आकडा 98 येऊ शकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला.

हृदय थकले तर धापेचे रूप पुन्हा बदलते. रक्त पुढे नीट ढकलले जात नाही, फुप्फुसांत पाणी साचते. माणूस आडवा झाला की जीव घाबरतो, उशाला दोन उशा लागतात, पाय सुजतात. चुलीचा धूर आणि विडी वर्षानुवर्षे श्वासनळ्या खराब करतात. न्यूमोनिया फुप्फुसातले वायुकोशच भरून टाकतो. भीतीनेही श्वास फुलतो. फुप्फुस, रक्त, हृदय, मन: बिघाड कुठेही असो, शरीर धापेनेच सांगते.

म्हणून ‘वय झालं’, ‘अशक्तपणा आहे’ असे समजून धाप अंगावर काढू नका. ती कधी लागते, चालताना की झोपल्यावर, हे डॉक्टरांना नीट सांगा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळे पडले किंवा एक वाक्यही सलग बोलवेना, तर थांबू नका; लगेच 108 ला फोन करा.