स्थूल महिलांचे चयापचय आरोग्य आणि आहारातील तेल

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के महिलांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे. मात्र वजनकाट्यावरून धोक्याचा पूर्ण अंदाज येत नाही. पोटाच्या पोकळीत साठलेली चरबी मेदाम्ले यकृताकडे सोडत राहते. परिणामी इन्सुलिनचे कार्य मंदावते, रक्तातील साखर व ट्रायग्लिसराइड वाढतात आणि हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाभोवती अधिक साठते. त्यामुळे भारतीय स्त्रियांमध्ये कमरेचा घेर ८० सेंमी वा त्याहून अधिक असणे ही धोक्याची खूण मानली जाते.

कोणत्याही तेलाच्या वा तुपाच्या एका ग्रॅमपासून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. फरक असतो तो मेदाम्लांच्या घडणीत. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के आणि पामतेलात जवळपास निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. ती अपायकारक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात. करडईच्या तेलात मात्र संपृक्त मेदाम्ले १० टक्क्यांच्या आसपास व लिनोलिक आम्ल सुमारे ७५ टक्के असते. ट्रान्स फॅट सर्वाधिक घातक असल्याने जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व वनस्पती तुपातील त्याची मर्यादा २ टक्के करण्यात आली आहे.

करडई तेलाविषयी अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचा अभ्यास लक्षणीय आहे. रजोनिवृत्ती झालेल्या, मधुमेही व स्थूल महिलांना १६ आठवडे दररोज ८ ग्रॅम करडई तेल देण्यात आले. अभ्यास पूर्ण करणाऱ्या ३५ महिलांचे वजन लक्षणीय घटले नाही. परंतु धडाभोवतीची चरबी कमी झाली, स्नायूंचे प्रमाण वाढले, उपाशीपोटीची साखर घटली आणि एचडीएल सुधारले. अभ्यास लहान आहे, म्हणून करडई तेलास औषध समजू नये व मधुमेहाची औषधे बंद करू नयेत. वजन तेवढेच राहूनही चरबीची जागा आणि साखरेचे प्रमाण बदलू शकते, हा यातील महत्त्वाचा बोध होय.

आठ ग्रॅम म्हणजे जेमतेम दोन लहान चमचे. हे तेल रोजच्या तेलात भर म्हणून नव्हे, तर पामतेल वा वनस्पती तुपाच्या जागी वापरावे. बैठे काम करणाऱ्या स्त्रीस दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम दृश्य तेल-तूप पुरेसे असते. शेतात कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीसाठी हे प्रमाण दिवसाला ३० ग्रॅमपर्यंत आहे. महिन्याचे तेल कुटुंबाच्या गरजेनुसार मोजून वेगळे काढून ठेवल्यास वापर आपोआप आटोक्यात राहतो. लिनोलिक आम्लयुक्त तेल वारंवार तापवल्यास लवकर खराब होते. तळणातून उरलेले तेल पुन्हा पुन्हा वापरू नये.

भारताची निम्म्याहून अधिक खाद्यतेलाची गरज आयातीतून भागते व त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. महाराष्ट्र व कर्नाटकातील कोरडवाहू रब्बीत, जमिनीतील ओलाव्यावर करडई येते. भुईमुगाच्या गिरनार-४ व गिरनार-५ या वाणांच्या तेलात ओलिक आम्ल पाऊण हिश्श्याहून अधिक असल्याने ते अधिक टिकाऊ असते. विस्तार कार्यकर्त्यांनी महिला गटांच्या बैठकीत कमरेचे माप, महिन्याच्या तेलाचा हिशेब आणि घरच्या तेलबियांची लागवड हे तीन विषय एकत्र मांडावेत. शेतातील पीक आणि घरातील आरोग्य यांचा संबंध तेथेच स्पष्ट होईल.