रणगाड्याचें बलाबल : भातवडी व असल उत्तर

चिलखती रणगाडा सैन्यास लाभाचा कीं भाराचा, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा समजून जुन्या कागदांचे अभ्यासक तो सहसा बाजूस सारतात. आमच्या मतें त्याचें उत्तर शोधण्यास अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यासारखें स्थळ नाहीं. चिलखती दलाचें प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून याच शहरीं असून, १९९४ मध्यें स्थापिलेल्या संग्रहालयांत नाना देशींचे रणगाडे मांडिले आहेत.

प्रथम लाभ पाहूं. पोलादी कवच, लांब पल्ल्याची तोफ व शेताबांधांवरून चालणारा पट्टा हीं एकत्र आल्यानें गोळ्यांच्या वर्षावांतहि आघाडी पुढें सरकते. सन १९६५ त फिलोऱ्याच्या रणांत पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांनीं हें सिद्ध केलें.

आतां व्यय. कवच जाड केलें कीं वजन वाढतें. वजनाबरोबर इंधन, सुटे भाग, दुरुस्तीचीं पथकें व भक्कम पूल यांची गरज वाढते. भूमि मऊ लागल्यास तर तेंच कवच बेडी होतें. त्याच सप्टेंबरांत असल उत्तर येथें भारतीय सैन्यानें शेतांत पाणी सोडलें आणि सुमारें ४५ टनी पॅटन रणगाडे चिखलांत रुतले. हवालदार अब्दुल हमीद यांनीं तर साध्या जीपवरील तोफेनें कित्येक पॅटन फोडिले.

हा डाव आमच्या जिल्ह्यास नवा नव्हे. सन १६२४ त मलिक अंबरानें भातवडीच्या तलावाचा बांध फोडून मोगल व आदिलशाही फौजांची वाट चिखलमय केली व मग त्यांचा पराभव केला. शहाजीराजांचे बंधु शरीफजी याच लढाईंत पडले. हा विजय केवळ गनिमी काव्याचा मानितात. आमच्या मतें त्यांतील अर्धें श्रेय पाण्याचें व मातीचें आहे. पायदळ, अश्व, रथ व गज यांस कोणती भूमि योग्य, याचा विचार कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत स्वतंत्रपणें केला आहे, तो उगाच नव्हे.

सन २०२२ त पेटलेल्या युक्रेन युद्धांत स्वस्त ड्रोनांनीं मोलाचे रणगाडे जाळिले, तरी कोणत्याहि पक्षानें रणगाडा टाकिला नाहीं. यावरून निर्णय हाच कीं, रणगाड्याचें मोल त्याच्या पोलादावर नव्हे, तर भूमि, रसद व सोबतचें पायदळ यांवर ठरतें.

म्हणून संग्राहकांस विनंति : लढायांच्या बखरींइतकेच बांध, तलाव व वाटा यांचे रुक्ष वाटणारे कागदहि जपावे. भातवडीचा निकाल समजण्यास तेच उपयोगीं पडतील.