साधने फुकट, सवय महाग

१९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली, तेव्हा संगणक बाळगणे मोठ्या उद्योगसमूहांनाच परवडत असे. उत्पादनाचे साधन ज्याच्या हाती, धंदा त्याचा, हा न्याय येथेही लागू होता. पुढे चित्र पालटले. १९८७ चा जीसीसी हा कम्पायलर, १९९१ ची लिनक्स आणि २००५ चे गिट ही साधने विनामूल्य आहेत. पुण्यातील अभियंता वापरतो तेच गिट जानेफळचा विद्यार्थीही साध्या संगणकावर वापरू शकतो.

मग अंतर उरते कोठे? ते सवयीत आहे. गिट ही आज्ञावलीची रोजकीर्दच होय. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद तीत राहते. चूक आढळल्यास मागच्या स्थितीवर परतता येते. दुकानदार रोजकीर्दीवाचून धंदा करीत नाही. आपला विद्यार्थी मात्र भाषेचे नियम पाठ करून, नोंदीवाचून आणि चाचणीवाचून पदवीधर होऊ शकतो.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रात्यक्षिकाचे गुण केवळ अखेरच्या छापील कागदावर न देता बदलांच्या नोंदी पाहून द्यावेत आणि त्या नोंदींचे मर्म मराठीत समजावून सांगावे. त्यासाठी अनुदान नको. शिक्षकाचा वेळ हवा. तो देण्याची तयारी नसेल, तर भांडवलाच्या अभावाची तक्रार आपल्याला शोभणार नाही.